नोकरीतले पेच : तक्रार केली आणि बदलीचं पत्र आलं

या वेळच्या टपालात एकाच दुखण्याची पत्रं बरीच निघाली. कंपनीतला गैरप्रकार वर कळवला आणि कळवणाऱ्याचंच जिणं अवघड झालं, किंवा तसं होईल या भीतीनं कळवायचंच राहिलं. म्हणून हा महिना त्याच विषयाला दिला आहे. मी कंपनी सेक्रेटरी होते. ऑडिट कमिटीच्या (म्हणजे हिशेबांवर नजर ठेवणाऱ्या संचालकांच्या समितीच्या) बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तेव्हा हे सगळं टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं पाहिलेलं आहे. पत्रं लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत स्टोअरला आहे. पद 'ऑफिसर', काम आवक-जावक नोंदवण्याचं. भंगाराचा ट्रक बाहेर जाताना गेटपासवर एक वजन आणि बाहेरच्या काट्याच्या पावतीवर दुसरं, असं दर खेपेला दिसायचं. फरक सातआठशे किलोचा. मी एथिक्स हेल्पलाइनवर नाव न देता तक्रार केली, पावत्यांचे फोटो जोडले. थोड्याच दिवसांत साहेबांनी केबिनमध्ये बोलावून 'फार हुशार झालास' म्हटलं. मग जनरल शिफ्ट काढून नाइट दिली. आता उत्तराखंडातल्या रुद्रपूरच्या प्लँटला बदली, आठ दिवसांत हजर व्हा म्हणून पत्र आलंय. आईचं डायलिसिस चालू आहे. कंपनीच्या पॉलिसीत 'तक्रारदारावर सूडाची कारवाई होणार नाही' असं छापलंय. बदली नाकारू का?

उत्तर : नाकारू नका, आणि मुकाट्यानं जाऊही नका. 'जात नाही' म्हणून घरी बसलात तर काल भंगारातली चोरी दाखवणारा माणूस उद्या विनापरवाना गैरहजर ठरतो. चार्जशीट (कंपनीचं आरोपपत्र) निघेल ती त्याचीच, आणि त्यात भंगाराचा भ सुद्धा नसेल. तुमच्या साहेबांना याहून सोयीचं काही नाही.

आता त्या छापील वाक्याबद्दल. लग्नपत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नयेत' छापतात, तितक्याच सवयीनं ते पॉलिसीत येतं. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १७७ शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला तक्रारीची यंत्रणा ठेवायला लावतं. तिला व्हिजिल मेकॅनिझम म्हणतात. तक्रारदाराचा छळ होऊ नये म्हणून पुरेसं संरक्षण द्या, असंही ते कलम सांगतं. गोम पुढे आहे. यंत्रणाच ठेवली नाही तर कंपनीला ५ लाख आणि जबाबदार अधिकाऱ्याला १ लाख दंड आहे. पण यंत्रणा आहे, तक्रार झाली आणि तक्रारदाराला रुद्रपूरला धाडलं, तर त्याला परत आणा किंवा भरपाई द्या असं सांगणारं कलम त्या कायद्यात नाही. त्यामुळे पॉलिसीचं पान दाखवून बदली थांबत नाही. तक्रारीमुळेच बदली झाली हे तारखांवरून दिसलं, तर थांबू शकते.

बदलीच्या पत्रात कारण म्हणून 'व्यवसायाची निकड' लिहिलं असेल, बघा. ही निकड खरी की बनवलेली, हे तुम्हाला दाखवायचंय. आज रात्री एक कागद घ्या आणि तारीखवार लिहून काढा. हेल्पलाइनकडून तक्रारीचा क्रमांक आला तो दिवस. केबिनमधलं बोलणं, शब्दाला शब्द, बाहेर कोण उभं होतं त्याच्या नावासकट. शिफ्ट बदलल्याचा दिवस. बदलीचं पत्र. मग जोडीचे प्रश्न : गेल्या काही वर्षांत स्टोअरमधून कोणाला रुद्रपूरला पाठवलंय का? तिथे तुमच्या कामाची जागा रिकामी आहे का? तुमच्या जागी इथे कोण बसतंय? मागचं अप्रेझल काय होतं? तक्रारीआधी 'उत्तम' आणि नंतर एकदम 'सुधारणा हवी' असं असेल तर ती दोन्ही पत्रं सोन्याच्या मोलाची आहेत.

मग ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांना पत्र लिहा. अपवादात्मक प्रसंगी त्यांच्याकडे थेट जाण्याची सोय त्याच कलमात आहे. नाव कंपनीच्या वार्षिक अहवालात सापडेल, पत्ता कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा घाला. स्पीड पोस्टानं पाठवा आणि ईमेलही करा. भंगाराची कहाणी पुन्हा सांगत बसू नका. 'अमुक क्रमांकाची तक्रार मी केली होती, त्यानंतर या तीन गोष्टी घडल्या, चौकशी पूर्ण होईपर्यंत बदली स्थगित ठेवावी,' एवढं एका पानात पुरे. प्लँटच्या एचआरला वेगळा अर्ज द्या, त्यात आईचे डायलिसिसचे कागद जोडून मुदत मागा. जावंच लागलं, तर 'माझे हक्क राखून, हरकत नोंदवून हजर होत आहे' असं लेखी देऊन हजर व्हा.

आणि वकील गाठा, कामगार कायद्याचा. १९७१ चा महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांचा कायदा धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूनं केलेल्या बदलीला अनुचित प्रथा म्हणतो. सूडबुद्धीनं काढून टाकण्यालाही म्हणतो. त्याखाली तक्रारीला मुदत ९० दिवसांची आहे आणि अंतरिम स्थगिती मागता येते. नव्या कामगार संहिता आल्यावर तुमचं प्रकरण कुठल्या दारात न्यायचं, ते वकीलच सांगतील. पण मुदत उलटू देऊ नका. तुम्ही 'ऑफिसर', म्हणून कामगार नाही, असं कंपनी म्हणेलच. कोर्ट पाटी वाचत नाही, काम बघतं. रजिस्टर लिहिणाऱ्या, हाताखाली एकही माणूस नसलेल्या ऑफिसरला कामगार मानल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. रजा मंजूर करणं, चार्जशीटवर सही करणं असले अधिकार तुम्हाला नव्हते, हे दाखवणारे कागद जपा.

जाता जाता, तुमचं नाव कसं फुटलं? हेल्पलाइन बाहेरच्या संस्थेची असली तरी तक्रार शेवटी कंपनीतल्याच कोणाच्या तरी टेबलावर येते. आणि तुम्ही पावत्यांचे फोटो जोडलेत. त्या पावत्या किती जणांच्या हाताखालून जातात? दोन? मग नाव लिहिलं काय आणि न लिहिलं काय. तुमच्यासारखी तक्रार करू पाहणाऱ्यांनी फोटोऐवजी तारीख, ट्रकचा नंबर आणि गेटपासचा क्रमांक द्यावा. चौकशी करणाऱ्याला मूळ कागद काढायला तेवढं पुरतं, आणि ही माहिती गेटवरच्या रखवालदारापासून अकाउंट्सपर्यंत दहा जणांकडे असते.

प्रश्न : आमच्या कंपनीत एका डायरेक्टरबद्दल निनावी मेल आला. आता आयटी विभागाला तो कोणी पाठवला ते शोधायला सांगितलंय, आणि ते काम माझ्याकडे आलंय. पाठवणारा सापडला तर त्याचं काय होईल ते मला दिसतंय. मी काय करू? (हिंजवडी)

उत्तर : आदेश लेखी मागा. मेलवर एवढंच विचारा : 'हे काम ऑडिट कमिटीच्या सांगण्यावरून आहे का? तसं असल्यास त्यांची मंजुरी पाठवावी.' माझा अनुभव असा की अशा निम्म्या मोहिमा या एका ओळीवर थंडावतात, कारण लेखी द्यायला कोणी तयार नसतं.

नाही थंडावली तर बार्कलेजची गोष्ट वरच्यांच्या कानावर घाला. २०१६ मध्ये या ब्रिटिश बँकेत एका वरिष्ठ नेमणुकीबद्दल निनावी पत्रं आली. मुख्याधिकारी जेस स्टेली यांनी ती कोणी लिहिली हे शोधायला बँकेच्या सुरक्षा विभागाला कामाला लावलं. लिहिणारा सापडला नाही. तरी २०१८ मध्ये ब्रिटनच्या नियामकांनी स्टेली यांना ६,४२,४३० पौंड दंड केला, तोही व्यक्तिशः, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या नियामकानं बँकेला दीड कोटी डॉलरचा. म्हणजे नुसत्या शोधण्याच्या प्रयत्नालाच दंड झाला. आपल्याकडे असा दंड झाल्याचं मी पाहिलेलं नाही, पण परदेशी ग्राहक असलेल्या आयटी कंपनीतल्या साहेबांना हा आकडा समजतो.

प्रश्न : राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे. कर्जवाटपातला प्रकार आहे. बँकेच्या दक्षता विभागावर भरवसा नाही. २०१४ चा व्हिसलब्लोअर (गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा कायदा मला लागू होतो ना? (नागपूर)

उत्तर : लागू झाला असता, पण तो कायदाच लागू नाही. संसदेनं मंजूर केला, मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली, आणि अमलात आणण्याची अधिसूचना काही निघाली नाही. खासगी कंपन्या तर त्याच्या कक्षेतच नाहीत. या कायद्याच्या भरवशावर पाऊल टाकणारे अजून भेटतात, म्हणून ठळक सांगते.

तुमच्यासाठी जुनी वाट उघडी आहे. सत्येंद्र दुबे आठवत असतील. सुवर्ण चतुष्कोन महामार्गातल्या भ्रष्टाचाराबद्दल या तरुण अभियंत्यानं थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, आणि ते पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतरच्या गदारोळात २००४ मध्ये केंद्र सरकारनं एक ठराव काढला आणि अशा तक्रारी घेण्याचं, नाव गुप्त ठेवण्याचं काम केंद्रीय दक्षता आयोगाला दिलं. पिडपी (PIDPI, इंग्रजी नावाची आद्याक्षरं) म्हणतात त्या ठरावाला. तक्रार बंद लिफाफ्यातून आयोगाच्या सचिवांना पाठवायची, लिफाफ्यावर पिडपीखालची तक्रार असल्याचं लिहायचं, आणि तुमचं नाव-पत्ता फक्त आत. लिफाफ्याच्या मागे 'प्रेषक' लिहायची आपली सवय इथे आवरा. आत मात्र नाव हवंच, निनावी पत्र या वाटेनं घेत नाहीत. पुढे त्रास झाला तर संरक्षणासाठी याच आयोगाकडे अर्ज करता येतो.

प्रश्न : कुपवाडला एका घरगुती प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत मी अकाउंट्स बघते. माल न येता बिलं येतात आणि ती मलाच टॅलीत टाकायला लावतात. आमच्याकडे तक्रारीची पॉलिसी वगैरे काही नाही. असायला हवी का? आणि पुरावा म्हणून बिलांचे फोटो काढून ठेवू का?

उत्तर : शेअर बाजारात नसलेल्या कंपनीला ही यंत्रणा सक्तीची आहे ती दोन प्रसंगी : लोकांकडून ठेवी घेत असेल तर, किंवा बँका आणि सार्वजनिक वित्तसंस्थांचं कर्ज ५० कोटींच्या वर असेल तर. तुमची कंपनी बहुधा यात बसत नाही. बसली असती तरी तक्रार कोणाकडे करणार होता? धाकटा भाऊ डायरेक्टर, वहिनी डायरेक्टर.

तुमच्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. खोटी बिलं 'मलाच टाकायला लावतात'. ताई, जीएसटीचे अधिकारी आले की एन्ट्री कोणाच्या लॉगिननं झाली हे विचारणारच. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एडिट लॉग सक्तीचा आहे. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. म्हणजे पुरावा तिथे आहेच. पण त्यात तुमचंही नाव आहे. तेव्हा यापुढे अशा प्रत्येक बिलाला 'माल आल्याची पावती मिळाली नाही, एन्ट्री करावी का?' असा मेल किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मालकांना जाऊ दे. उत्तर 'कर' असं आलं, तर तो मेसेज तुमच्याजवळ राहू दे.

फोटोंचं म्हणाल, तर हात आखडता घ्या. बिल नंबर, तारीख, रक्कम वहीत उतरवून ठेवणं वेगळं आणि सगळी फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात गोपनीयतेचा भंग म्हणून तुम्हाला काढायला आयतं कारण मिळतं. तक्रारदारांना काढताना हेच कारण मी सर्वांत जास्त वेळा वाचलंय. आणि खरं सांगू? दुसरी नोकरी बघायला आजच लागा. तक्रार नोकरी बदलल्यावरही करता येते, तुमच्या लॉगिनवरच्या एन्ट्र्या मात्र रोज वाढतायत.

प्रश्न : जर्मनीत नोकरीला आहे, कंपनीची मुख्य शाखा पुण्यात. इथे तक्रार केली तर भारतातले नियम लागतील का? (श्टुटगार्ट)

उत्तर : तुमची नोकरी जर्मन कायद्याखाली असेल तर तिथला कायदा लागेल, आणि तुम्ही भाग्यवान आहात. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशावरून जर्मनीनं जुलै २०२३ पासून स्वतंत्र कायदा लागू केला. ५० किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीला तक्रारकेंद्र ठेवावं लागतं, सात दिवसांत पोच द्यावी लागते आणि पोचेनंतर तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. कंपनीत जायचं नसेल तर थेट सरकारी केंद्राकडे जाता येतं. सर्वांत मोठी गोष्ट : तक्रारीनंतर तुमच्यावर काही कारवाई झाली तर तिचा तक्रारीशी संबंध नाही हे कंपनीनं सिद्ध करायचं. चाकणच्या आपल्या मित्राला जो तारखांचा तक्ता मांडायला सांगितला, तो तुमच्याकडे कंपनीला मांडावा लागतो.

प्रश्न : मी एचआर मॅनेजर आहे. कंपनी लवकरच शेअर बाजारात येतेय, मला व्हिसलब्लोअर पॉलिसी लिहायला सांगितलीय. नेटवरून एक घेऊन नाव बदलावं असा साहेबांचा सूर आहे. पण जमलं तर खरोखर चालणारी लिहावी असं वाटतं. (वाळूज)

उत्तर : तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. नेटवरच्या पॉलिसीचं पुढे काय होतं ते सांगते. ऑडिट कमिटीच्या बैठकीत हा विषय शेवटचा असतो. हिशेब झालेत, चहा आलाय, दोन संचालकांची विमानं आहेत. 'व्हिजिल मेकॅनिझम, तिमाहीत आलेल्या तक्रारी : शून्य. नोंद घेतली.' अर्धा मिनिट. तीन प्लँट, हजारो माणसं, आणि तिमाहीमागून तिमाही शून्य! असं शून्य मी पुष्कळदा इतिवृत्तात लिहिलंय, आणि त्यावर एखादा संचालक 'असं कसं?' म्हणाल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा पहिलं कलम हे घाला : तक्रार केल्यापासून वर्षभर तक्रारदाराची आणि साक्षीदारांची बदली, खालचं अप्रेझल, पीआयपी (काम सुधारा म्हणून दिलेली लेखी मुदत), निलंबन, यातलं काहीही ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांच्या लेखी मंजुरीशिवाय होणार नाही. 'छळ होणार नाही' हे वाक्य कोणाचा हात धरत नाही. हे कलम धरतं, कारण बदलीच्या पत्रावर सही करणाऱ्याला आधी कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. साहेब याच कलमाला सर्वांत जास्त विरोध करतील. 'मग प्रत्येक कामचुकार माणूस तक्रार ठोकून वर्षभर निर्धास्त होईल' असं म्हणतील. त्यांना सांगा, कारवाईला बंदी नाहीये, मंजुरी घ्यायची आहे. कामचुकारपणाचे कागद असतील तर मंजुरी मिळेल.

साक्षीदार विसरू नका. तक्रारदाराला निदान सहानुभूती मिळते. चौकशीत खरं बोललेला क्लार्क मात्र गुपचूप बाजूला पडतो.

कंत्राटी कामगार, पुरवठादार, ट्रकवाले यांनाही आत घ्या. कंपनी कायदा संचालक आणि कर्मचाऱ्यांपुरतं बोलतो, पण तुम्ही बाजारात येताय, म्हणजे सेबीचे (शेअर बाजाराच्या नियामकाचे) २०१५ चे नियम लागतील. त्यातला नियम २२ या यंत्रणेकडे येणाऱ्या 'इतर कोणत्याही व्यक्ती'लाही संरक्षण द्यायला सांगतो. तसंच सेबीच्या इनसायडर ट्रेडिंगच्या (कंपनीतल्या गुप्त माहितीवर शेअरचे व्यवहार करण्याबद्दलच्या) नियमांत २०१९ पासून खबर देणाऱ्याच्या संरक्षणाचा भाग आहे. सेबीकडे जायला मनाई करणारी अट तुमच्या नेमणूकपत्रात असेल तर त्या नियमांप्रमाणे ती रद्दबातल आहे. जुनी नेमणूकपत्रं एकदा तपासा.

खोटी तक्रार आणि सिद्ध न झालेली तक्रार यांची मोट बांधू नका. कायदा सुद्धा कारवाईची मुभा देतो ती वारंवार पोरकट तक्रारी करणाऱ्यावर. २०१९ मध्ये इन्फोसिसच्या वरिष्ठांविरुद्ध निनावी पत्र आलं. ते उघड झाल्यावर एका दिवसात शेअर सुमारे १६ टक्के पडला. ऑडिट कमिटीनं बाहेरची वकील संस्था लावून चौकशी केली आणि जानेवारी २०२० मध्ये आरोपांना पुरावा सापडला नाही असं जाहीर केलं. चौकशीचा हाच रस्ता. पत्र निनावी होतं म्हणून कोणी ते टोपलीत टाकलं असतं, तर 'पुरावा नाही' या निष्कर्षावर बाजारानं विश्वास ठेवला नसता. आणि निनावी तक्रारी दाबून ठेवायच्या म्हटल्या तरी ऑडिट अहवालाबद्दलच्या केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशापासून ऑडिटरला आपल्या अहवालात सांगावं लागतं की वर्षात आलेल्या व्हिसलब्लोअर तक्रारी त्यानं विचारात घेतल्या का. साहेबांना पटवायला हा मुद्दा कामाला येईल.

तक्रार घेणाऱ्यांत एक तरी माणूस असा हवा, ज्याचा पगार आणि बढती प्लँट हेडच्या हातात नाही. प्लँट हेडविरुद्धची तक्रार आपोआप त्याला वगळून पुढे जाईल, अशी व्यवस्था करा. हे लिहायचं राहून गेलेल्या पॉलिसी मी पाहिल्यात : आरोपीच चौकशी अधिकारी नेमतो!

शेवटी भाषा. वीस पानी इंग्रजी पीडीएफ वेबसाइटवर टाकलीत की कायद्याची पूर्तता होते. वाळूजच्या शॉप फ्लोअरवर ती वाचणार कोण? एका पानावर मराठीत आणि हिंदीत लिहा : काय कळवायचं, कोणाला, कोणत्या नंबरवर, किती दिवसांत उत्तर येईल. ते पान कँटीनमध्ये हात धुवायच्या जागेजवळ लावा. एचआरच्या दारावर नको, तिथे उभं राहून नंबर उतरवून घेणारा सगळ्यांना दिसतो.